वाचकांचे प्रश्न : मित्रमैत्रिणींसह जहाजाची सफर

चवथ आटोपली आणि पाऊस ओसरू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत प्रवासाविषयीची पत्रे वाढतात. या वेळी जहाजाच्या सफरीविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पाचही वाचक गोव्यातले आहेत आणि मित्रमंडळींसह निघण्याच्या विचारात आहेत. कुटुंबाच्या प्रवासात घरातले कोणी एक जण ठरवते आणि बाकीचे ऐकतात. मित्रांत तसे होत नाही, म्हणून पहिल्या उत्तराला थोडी अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी एकाच शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालो. भिशीतून साठवलेल्या पैशांत सिंगापूरहून निघून पिनांग आणि फुकेतला जाणारी जहाजाची सफर करावी, असे आमचे ठरले आहे. मात्र एकीला स्वतंत्र खोली हवी आहे, दुसरीला बाल्कनीची खोली हवी आहे, तर तिसरीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होण्याची शक्यता असल्यामुळे तिचे येणेच निश्चित नाही. पैसे भरण्याआधीच आमच्यात कुरबुरी सुरू झाल्या आहेत. आम्ही काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कुरबुरी पैसे भरण्याआधी सुरू झाल्या, हे चांगले झाले. जहाजाच्या सफरीत बहुतेक निर्णय आरक्षणाच्या वेळीच घ्यावे लागतात आणि नंतर ते बदलायचे म्हटले, तर भुर्दंड पडतो. म्हणून सहाही जणींनी एके दिवशी दुपारी एकत्र बसावे आणि जे ठरेल ते वहीत लिहून घ्यावे.

सर्वांत आधी तिसऱ्या मैत्रिणीचा विचार करा. जाहिरातीतले भाडे बहुधा माणशी आणि एका खोलीत दोघे राहतील असे धरून दिलेले असते. खोलीत एकटेच राहणाऱ्याला बहुतेक कंपन्या दुसऱ्या माणसाच्या भाड्याचाही मोठा भाग, पुष्कळदा जवळजवळ पूर्ण भाग, भरायला लावतात. म्हणजे ऐनवेळी एकीने रद्द केले, तर तिचे पैसे जातातच, शिवाय तिच्यासोबत राहणारीवरही जादा आकार पडू शकतो. निघण्याची तारीख जवळ येईल तशी रद्द करण्याची कपात वाढत जाते आणि अखेरच्या काही आठवड्यांत हाती जवळपास काहीच परत येत नाही. हा बोजा कोण उचलणार, भिशीतून जाणार की रद्द करणारीने सोसायचा, हे आजच ठरवा. मैत्रिणीचे आजारपण समोर असताना हा हिशेब काढणे कोणालाही जमत नाही आणि न बोलता राहिलेला हिशेब वर्षानुवर्षे मनात राहतो. माझे मत विचाराल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय होईपर्यंत आरक्षण करूच नका. डॉक्टरांनी प्रवासाला मोकळीक दिली की मग तारीख पक्की करा. तोवर थांबल्याने काहीही बिघडत नाही.

खोल्यांच्या बाबतीत सहाही जणींनी एकाच दर्जाची खोली घेतली पाहिजे असे नाही. बिनखिडकीच्या आतल्या खोलीचे भाडे सर्वांत कमी असते. खिडकीची खोली त्याहून महाग आणि बाल्कनीची त्याहूनही महाग. ज्या मैत्रिणीला बाल्कनी हवी आहे, तिने फरक स्वतः भरावा आणि इतरांनी त्यावरून तिला बोल लावू नये. आतल्या खोलीत दिवा मालवला की पूर्ण काळोख होतो. सकाळ झाली की नाही तेही कळत नाही, आणि ज्यांना कोंडल्यासारखे होते त्यांना तेथे झोप लागत नाही. जहाज कंपनी स्वस्तात ‘खोलीचा क्रमांक नंतर कळवू’ अशा बोलीवर जागा देऊ करते. तुमच्यासारख्या गटाने ती घेऊ नये, कारण मग सहा जणी तीन वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरतात. तिसऱ्या-चौथ्या माणसासाठी भिंतीतून उघडणारी वरची बर्थ असते. तिला शिडी लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी भाडे वाचवण्यासाठी त्या वाटेला जाऊ नये.

भाड्याखेरीज बंदराचे कर, कर्मचाऱ्यांसाठी दर रात्री माणशी आकारला जाणारा सेवाआकार, पेये, इंटरनेट, काही खास उपाहारगृहांतले जेवण आणि बंदरावरच्या सहली यांचा खर्च वेगळा असतो. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. तुमच्या खोलीचे कार्डच सगळीकडे दाखवायचे असते आणि बिल शेवटी एकत्र निघते. दोघींच्या खोलीचे खाते एकच असेल, तर कोणी काय घेतले याचा गोंधळ शेवटच्या रात्री होतो. चढतानाच प्रत्येकीचे खाते तिच्या स्वतःच्या कार्डाला जोडून मागा. टॅक्सी, पाण्याच्या बाटल्या, नारळपाणी अशा सामायिक खर्चासाठी मात्र सहा जणींनी सारखी रक्कम काढून एकीकडे द्यावी. प्रवास कंपनी परदेशी सफरीच्या रकमेवर प्राप्तिकराची आगाऊ वसुली करते. तिची पावती जपून ठेवा, म्हणजे विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून घेता येते.

आता हंगाम. मलाक्काच्या सामुद्रधुनीला सुमात्रा बेटाचा आडोसा असल्याने तेथे समुद्र बहुधा शांत असतो. पण फुकेतचा पश्चिम किनारा अंदमानच्या समुद्राला तोंड करून आहे आणि मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे त्यावर आपटतात. मोठी जहाजे तेथे पुष्कळदा पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळला, तर हे उतरणेच रद्द होते. डिसेंबरमध्ये सिंगापूरला पाऊस असतो. म्हणून जानेवारीच्या मध्यापासून शिगम्याच्या आधीपर्यंतचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो.

माहितीपत्रकातले बंदराचे नाव नीट वाचावे. ‘क्वालालंपूर’ असे छापलेले असले, तरी जहाज पोर्ट क्लांगला लागते आणि तेथून शहर गाडीने तासाभराहून अधिक दूर आहे. ‘बँकॉक’ म्हणजे लेम चबांग असेल, तर जाऊन-येऊन चार तास रस्त्यातच जातात. याउलट पिनांगला जहाज थेट जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागते. २००८ साली जागतिक वारसा यादीत आलेला जुना गाव तेथून पायी फिरता येतो. गुडघ्यांचा विचार करता तुम्ही पिनांग निवडले, ते योग्यच आहे.

सिंगापूरच्या व्हिसाबाबत एक गोष्ट विसरू नका. जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतते, म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा प्रवेश करता. व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांसाठी आहे याची खात्री करून घ्या आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असू द्या. मलेशिया आणि थायलंड यांचे भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत. एजंटाच्या तोंडी सांगण्यावर न राहता निघण्याच्या महिनाभर आधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पाहावेत. सिंगापूरला जहाज सुटण्याच्या दिवशी पोहोचणारे विमान घेऊ नका. मोपा किंवा दाबोळीहून निघालेले विमान रखडले आणि पुढचे चुकले, तर जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी पोहोचा. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च या धाकधुकीपेक्षा फार स्वस्त पडतो.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सहा जणींनी सकाळपासून रात्रीपर्यंत एकत्र राहण्याचा आग्रह धरू नका. जहाजावर एकीला पहाटे डेकवर चालायचे असते, दुसरीला नऊपर्यंत झोपायचे असते आणि तिसरीला संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रम चुकवायचा नसतो. रात्रीचे जेवण सर्वांनी एका टेबलावर घ्यायचे आणि बाकीचा दिवस ज्याचा त्याचा, एवढा एकच नियम ठेवा. जहाजावर मोबाइलचे जाळे उपग्रहाचे आणि फार महाग असते. फोन विमान स्थितीत ठेवावा लागतो आणि एकमेकींना शोधता येत नाही. म्हणून भेटण्याची एक जागा आणि वेळ पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

प्रश्न : आम्ही चार जोडपी मुंबई–गोवा–लक्षद्वीप अशी सफर करणार आहोत. माझ्या पत्नीला चोर्ला घाटातून बेळगावला जाताना हमखास गाडी लागते. तिला रक्तदाबाची गोळीही चालू आहे. तिला बोट लागेल का, आणि लागू नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : गाडी लागते त्या माणसाला बोट लागण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, पण ती लागेलच असे नाही. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते की शरीर हलते आहे. खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे मात्र समोरची भिंत स्थिर असल्याचे सांगतात. या दोन निरोपांचा मेळ बसेनासा झाला की मळमळते, घाम फुटतो आणि उमासे येतात. घाटातली वळणे एकामागून एक अंगावर येतात. मोठ्या जहाजाची हालचाल त्याहून संथ असते. त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात आणि ते आडवे डोलणे पुष्कळ कमी करतात. पुढून-मागून होणारी उचल मात्र त्यांनी थांबत नाही.

म्हणून खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्यावी, कारण डोलण्याचा जोर टोकांना आणि वरच्या मजल्यांवर अधिक जाणवतो. वरची बाल्कनीची खोली महाग असली, तरी तुमच्या पत्नीसाठी ती गैरसोयीची ठरेल. मध्यावरची, खालच्या मजल्यावरची, खिडकीची खोली तिला उत्तम. अस्वस्थ वाटू लागताच उघड्या डेकवर जावे आणि जेथे आकाश पाण्याला टेकते त्या रेषेकडे नजर स्थिर ठेवावी. फोनवर वाचणे ताबडतोब बंद करावे. उपाशी राहू नये, तसेच भरपेट तेलकटही खाऊ नये. थोडा मऊ भात, कोरडे बिस्किट, आलेपाकाची वडी एवढे पोटात असावे. आले पुष्कळांना उपयोगी पडते.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. ती सांगितलेल्या वेळी आधीच घ्यावी लागते. या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी त्यांतील काही घेणे योग्य नसते. रक्तदाबाच्या औषधाबरोबर कोणती चालेल, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगावे. आपल्याकडे शेजाऱ्याने दिलेली गोळी घेण्याची सवय आहे, ती या बाबतीत सोडावी. रोजची सारी औषधे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतल्या जातात आणि खोलीपर्यंत पोहोचायला काही तास लागू शकतात. तेवढ्यात रात्रीच्या गोळीची वेळ होऊन जाते.

जहाजावर डॉक्टर आणि लहानसा दवाखाना असतो, पण त्याचे शुल्क वेगळे असते आणि पुष्कळदा जबर असते. चारही जोडप्यांनी प्रवासविमा घ्यावा आणि जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते पाहावे.

प्रश्न : बोट लागते की नाही हे तपासण्यासाठी आधी मांडवीवरच्या संध्याकाळच्या बोटीतून फेरी मारून पाहिली तर?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : फेरी जरूर मारा, पणजीचे दिवे पाण्यातून पाहण्यासारखे असतात. परंतु त्यावरून काही ठरवू नका. नदीत समुद्राची फुगणारी लाट नसते, त्यामुळे तेथे कोणालाच त्रास होत नाही. दिवाडी किंवा चोडणच्या फेरीबोटीनेही हे कळणार नाही. त्यापेक्षा पहिली सफर दोन रात्रींची घ्यावी आणि अनुभव पाहून पुढची लांबची ठरवावी.

प्रश्न : माझे आईवडील मुंबई–पणजी बोटीच्या आठवणी सांगत असत. आम्हा मित्रांना मुंबईला न जाता मुरगाव बंदरातूनच जहाजावर चढता येईल का? आणि सुरुवातीला जो सुरक्षेचा सराव घेतात, तो टाळता येतो का? आमच्यातील एकाला पायऱ्या चढवत नाहीत.
— एक वाचक, वास्को

उत्तर : ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींनी भाऊच्या धक्क्यावरून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करीत पणजीला उतरलेली पिढी आपल्याकडे अजून आहे. ती बोट ही प्रवासाची गरज होती. चाकरमानी, भाजीच्या पाट्या, आंब्याच्या करंड्या सारे त्याच डेकवर असे. पुढे २०१८ साली ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई ते मुरगाव असे सुरू झाले होते, पण ते फार काळ चालले नाही. आजची जहाजे मुख्यतः मुंबईहून निघतात आणि मुरगावला दिवसभर थांबतात. पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात. काही फेऱ्यांत मुरगावहून चढण्याची मुभा असते, परंतु ती आरक्षणाच्या वेळीच मागावी लागते. त्यासाठी ‘गोवा’ या नावावर न थांबता चढण्याचे बंदर तिकिटावर मुरगाव असे लिहिले आहे का, ते पाहा. मुंबईहूनच चढायचे ठरले, तर कोकण रेल्वेने आदल्या दिवशी निघावे.

सराव टाळता येत नाही, आणि टाळताही कामा नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव अजून व्हायचा होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सराव घ्यावाच लागतो. तुमच्या खोलीच्या कार्डावर एक अक्षर किंवा क्रमांक छापलेला असतो, ती तुमची जमण्याची जागा. तुम्ही सारे मित्र वेगवेगळ्या खोल्यांत असाल, तर ही जागा वेगवेगळी असू शकते, हे ध्यानात ठेवा. संकटाच्या वेळी मित्राला शोधत फिरायचे नसते, ज्याने त्याने आपल्या जागी जायचे असते. लिफ्ट तेव्हा वापरता येत नाही. म्हणून ज्या मित्राला पायऱ्या चढवत नाहीत, त्याचे नाव चढताच स्वागतकक्षात नोंदवा. अशा प्रवाशांना नेण्यासाठी कर्मचारी नेमलेले असतात. शक्य असेल, तर त्याची खोली जमण्याच्या जागेजवळच मागून घ्या.

प्रश्न : आम्ही पाच शाळासोबती लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाचे आरक्षण करीत आहोत. आमच्यातील एकाकडे आता पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे. त्याला काही अडचण येईल का? तसेच दोघे शुद्ध शाकाहारी आहेत आणि एकाला बाटली सोबत न्यायची आहे.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : अडचण येऊ शकते आणि ती आरक्षणाआधीच सोडवावी लागेल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते, त्यामुळे आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मित्रमंडळात असा एक तरी जण असतो. लक्षद्वीपमध्ये जाण्यासाठी बाहेरच्या भारतीयालाही प्रवेशपरवाना लागतो. जहाज कंपनी तो सर्वांचा एकत्र काढते, पण हा अर्ज भारतीय नागरिकासाठीचा असतो. तुमचा मित्र कायद्याने परदेशी नागरिक आहे आणि परदेशी नागरिकांना मोजक्याच बेटांवर, वेगळ्या परवान्याने जाता येते. ओसीआय कार्डामुळे त्याला व्हिसा लागत नाही, पण अशा ठिकाणी जाण्याची परवानगी त्या कार्डाने आपोआप मिळत नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत कंपनीला आधी पाठवा आणि त्या फेरीत जहाज ज्या बेटाला लागणार आहे तेथे त्याला उतरता येईल का, याचे उत्तर लेखी घ्या. नकार आला, तर चौघांनी बेटावर जाऊन त्याला जहाजावर बसवून ठेवण्यापेक्षा कोची किंवा दुसरा मार्ग निवडावा, असे मला मनापासून वाटते. पाच जण मिळून निघालात, तर पाचही जणांना उतरता आले पाहिजे.

दारूचे उत्तर सोपे आहे. बंगारम बेट सोडले, तर लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. जहाज कंपन्याही बाहेरची बाटली सहसा वर आणू देत नाहीत, तेव्हा फेणी घरीच राहू द्या. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी जेवण चांगले मिळते आणि आधी कळवल्यास जैन पद्धतीचेही मिळते. लाडू-चिवड्याचे घरचे डबे मात्र बंदरावरच्या तपासणीत अडवले जाऊ शकतात. दुकानातली बंद पाकिटे बहुधा चालतात, तरी कंपनीची यादी पाहावी. सार्वजनिक जेवणघरात जाण्यापूर्वी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या उलटी-जुलाबाच्या विषाणूवर नुसत्या सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही.

लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाची भिंत आणि आत उथळ खाजण असल्यामुळे मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवासी लहान बोटीत उतरतात. हा क्षण नीट समजून घ्या. जहाजाच्या कुशीतले दार उघडते आणि खाली बोट लाटेबरोबर हात-दीड हात वरखाली होत असते. दाराशी दोन खलाशी उभे असतात. ते तुमच्या मनगटाला नव्हे, तर कोपराखाली धरतात आणि तुम्हीही त्यांचा हात तसाच धरायचा असतो. दोन्ही हात मोकळे असावेत, पिशवी पाठीला असावी, चप्पल मागे पट्टा असलेली असावी. बोट वर येते तेव्हा पाऊल टाकायचे. ती खाली जात असताना खलाशी थांबवतो आणि त्याने थांबवले की थांबायचे. मागून मित्रांनी घाई करू नये. ज्याला भीती वाटते त्याने वर राहिले, तरी त्याला कोणी भरीस घालू नये.

बेटावर ओहोटीच्या वेळी खडकासारखे दिसणारे प्रवाळ उघडे पडतात आणि लोक त्यांवर उभे राहून छायाचित्रे काढतात. ते जिवंत असतात. एका पावलाने जे मोडते, ते भरून यायला अनेक वर्षे लागतात, आणि १९९८, २०१० व २०१६ या वर्षी पाणी तापून तेथील प्रवाळांची मोठी हानी आधीच झालेली आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडादेखील उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे आणि परतीच्या तपासणीत बॅगेत तो सापडला, तर तुम्ही पाचही जण अडकून पडाल. परवान्याच्या दोन छापील प्रती प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवाव्यात. बेटावर उतरताना पोलिसांकडे नोंद होते आणि तेथे फोनवरची प्रत उघडायला जाळे मिळेलच असे नाही.